हाताचा जोडा : एका जर्मन शब्दाची कुळकथा

जर्मन शिकायला लागून दोनेक महिने झाले की विद्यार्थ्याच्या वहीत ‘हान्टशू’ हा शब्द येतोच. ‘हान्ट’ म्हणजे हात, ‘शू’ म्हणजे पायातला जोडा, आणि दोन्ही मिळून हातमोजा. अर्थ सांगितला की वर्गात खसखस पिकते आणि शब्द कायमचा पाठ होतो. पुढे ‘फिंगरहूट’ येतो, बोटाची टोपी म्हणजे शिंप्याचे अंगुस्तान. मग ‘होझनट्रेगर’, विजारीचा भार वाहणारा, म्हणजे गॅलिस. ही नावे ऐकता ऐकता विद्यार्थ्याचा एक समज पक्का होतो, की समासाची फोड केली म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती हाती लागली.

प्रस्तुत पुस्तक या समजाशी भांडते. पेहरावाच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची जर्मन नावे त्यात घेतली आहेत : हातमोजा, ताठ कॉलर, बुटाची नाडी, छत्री, पाठीवरची पिशवी. मधोमध आहे तो ‘हान्टशू’, आणि बाकीचे शब्द त्याच्या आजूबाजूला. फोड केल्याने शब्दाचे घटक कळतात. पण तो शब्द कधी आला, कोणाच्या तोंडी आला, कोणत्या जुन्या शब्दाला बाजूला सारून आला आणि त्याच्या घटकांचा तेव्हाचा अर्थ काय होता, हे फोडीतून कळत नाही. त्यासाठी दानपत्रे, शब्दकोश, बोलींचे नकाशे आणि खुद्द ती वस्तू, एवढ्या सगळ्यांकडे जावे लागते.

‘हान्टशू’ला हसण्याआधी मराठी वाचकाने आपल्याच शब्दाकडे पाहावे. ‘मोजा’ आला फारसीतून, आणि फारसीत ‘मोझा’ म्हणजे मुळात पायात चढवायचा बूट. मराठीत तो बुटाच्या आत घालायच्या विणलेल्या वस्तूसाठी रुळला, आणि हातावर चढवायच्या वस्तूला ‘हातमोजा’ म्हटले गेले. मग नुसते ‘मोजे’ म्हटल्यावर घोटाळा नको म्हणून ‘पायमोजे’ही झाले. पायातल्या वस्तूवरून हातातल्या वस्तूला नाव देण्याची ही चाल मराठीने जर्मनकडून घेतली नाही आणि जर्मनने मराठीकडून तर नाहीच. हिंदीने फारसीतला ‘दस्ताना’ उचलला, त्यात ‘दस्त’ म्हणजे सरळ हातच. जपानीत हातमोज्याला ‘तेबुकुरो’ म्हणतात, हाताची पिशवी. रशियनमध्ये ‘पेर्चात्का’ हा शब्द बोटावरून आला. एकाच वस्तूकडे पाहताना कोणाला पाऊल आठवले, कोणाला पिशवी आणि कोणाला बोट.

‘हान्टशू’ची सर्वांत जुनी खूण एका गावाच्या नावात सापडते. हायडेलबर्ग शहराच्या उत्तर भागात हान्टशूसहाइम नावाची वस्ती आहे. आजूबाजूचे लोक तिला आपल्या बोलीत ‘हेन्डेसे’ म्हणतात. १९०३ साली ती हायडेलबर्गमध्ये सामील झाली, त्याआधी ते स्वतंत्र गाव होते आणि त्याच्या बोधचिन्हावर हातमोजा आहे. या गावाचा पहिला उल्लेख सन ७६५ च्या दानाच्या नोंदीत येतो. मात्र ती नोंद ज्या हस्तलिखितात वाचायला मिळते, तो लोर्शच्या मठाचा नोंदसंग्रह बाराव्या शतकातला आहे. म्हणजे मजकूर आठव्या शतकातला आणि अक्षर चारशे वर्षांनंतरचे. व्युत्पत्तीच्या अभ्यासात असा फरक नोंदवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, कारण नक्कल करणारा आपल्या काळाच्या उच्चाराप्रमाणे लिहून जातो. गावात हातमोजे शिवत असत म्हणून हे नाव पडले, असे कोणालाही वाटेल. अभ्यासकांचे म्हणणे वेगळे आहे. ‘हान्टस्कुओख’ नावाचा कोणी माणूस होता आणि त्याचे घर, त्याची वस्ती ती ‘हाइम’. बोधचिन्हावरचा हातमोजा नंतर आला, नावाचा अर्थ लावून.

माणसाचे नाव हातमोजा? याला साक्ष समुद्रापलीकडून मिळते. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात नायकाचा एक सोबती ग्रेंडेल या राक्षसाच्या तोंडी पडतो, आणि त्याचे नाव आहे होन्डशिओख. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत हातमोज्यासाठी रोजचा शब्द ‘ग्लोफ’ होता, आणि त्याच प्रसंगात काही ओळींनंतर ग्रेंडेलच्या अवाढव्य हातमोज्याचा उल्लेख येतो तो याच ‘ग्लोफ’ शब्दाने. म्हणजे ‘हाताचा जोडा’ हा समास तिथे नावापुरताच उरला आहे. कवीने हे दोन शब्द जाणूनबुजून शेजारी आणले का, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. जाणूनबुजूनच आणले असावेत, असे प्रसंग वाचताना वाटते.

आता खरा प्रश्न : हा समास कोणत्या जुन्या शब्दाला बाजूला सारून आला? जर्मानिक भाषांकडे हातमोज्यासाठी जुना, बिनसमासाचा शब्द होता. अभ्यासक त्याचे मूळ रूप ‘वान्टुझ’ असे मांडतात. सातव्या शतकात योनास नावाच्या भिक्षूने संत कोलुम्बानुसचे चरित्र लॅटिनमध्ये लिहिले. त्यात एक कावळा संताचा हातमोजा पळवतो आणि पुढे आणूनही देतो. ही कथा सांगताना योनास थांबून खुलासा करतो की हाताच्या या आवरणांना गॉलमधले लोक ‘वान्टुस’ म्हणतात. भक्तिकथेतली ही एक नोंद भाषेच्या इतिहासाला फार मोलाची ठरली. हाच शब्द फ्रँक लोकांच्या तोंडून फ्रेंचमध्ये गेला आणि ‘गाँ’ झाला, इटालियनमध्ये ‘ग्वान्तो’, स्पॅनिशमध्ये ‘ग्वान्ते’. इंग्रजीतला ‘गाँटलेट’ही फ्रेंचमार्गे याच घराण्यातला. म्हणजे रोमन वंशाच्या भाषा आजही हातमोज्याला जर्मानिक नावाने ओळखतात आणि खुद्द जर्मनने मात्र ते नाव टाकून समास घडवला.

सगळीकडे तो टाकला गेला नाही. डचमध्ये ‘वान्ट’ म्हणजे अंगठा सुटा आणि चार बोटे एकत्र असलेला हातमोजा, तर पाचही बोटे सुटी असलेला तो ‘हान्टस्खून’. स्वीडिशमध्ये विणलेला तो ‘वान्ते’ आणि चामड्याचा किंवा कापडाचा तो ‘हान्स्के’. हा दुसरा शब्द उत्तर जर्मन बोलीतून तिकडे गेला. पुढे फिनिशनेही स्वीडिशकडून ‘हान्स्का’ घेतला. जुना आणि नवा शब्द एकाच घरात राहिले आणि त्यांनी कामे वाटून घेतली. या वाटणीतून जुन्या ‘वान्ट’चे रूपही दिसू लागते. तो बहुधा बिनबोटांचा, जाडाभरडा, थंडीपासून आणि कामाच्या घासापासून हात राखणारा असावा. काही अभ्यासक त्याचे नाते ‘विंडन’, म्हणजे गुंडाळणे, या क्रियापदाशी जोडतात. तसे असेल तर आरंभी तो शिवलेलाही नसेल, हाताभोवती गुंडाळलेली पट्टी असेल.

मग ‘शू’चे काय? गॉथिक बायबल हा जर्मानिक भाषांचा सर्वांत जुना विस्तृत ग्रंथ. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने तो सिद्ध केला आणि त्याची चांदीच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे जपलेली आहे. त्यात ‘स्कोह्स’ हा शब्द येतो, आणि तोही बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या तोंडी, जोड्याच्या बंदाबद्दल बोलताना. त्याच्या मुळाविषयी एक मत असे, की ‘झाकणे, वेढणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूपासून तो आला. हे मत धरले तर ‘हान्टशू’चे हसू मावळते. शब्द घडला तेव्हा ‘स्कुओख’ ऐकणाऱ्याच्या कानात पायातला जोडाच होता की आवरणाचा जुना अर्थही जिवंत होता, यावर सारे अवलंबून आहे. ‘फिंगरहूट’मधल्या ‘हूट’चेही असेच आहे. आज तो टोपी असला तरी त्याचे नाते राखण्या-जपण्याच्या शब्दांशी आहे. बोटाची राखण करणारे ते ‘फिंगरहूट’. याच नावाचे घंटेसारख्या फुलांचे एक रोप आहे. १५४२ साली लेओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला लॅटिन नाव देताना जर्मन नावावरूनच ‘डिजिटॅलिस’ हा शब्द घडवला. हृदयविकारावरच्या औषधाचे नाव म्हणून तो पुढे जगभर गेला. इंग्रजांना त्याच फुलात कोल्ह्याचा हातमोजा दिसला.

या प्रश्नांकडे पाहण्याची पद्धत एका दिवसात तयार झाली नाही. जर्मन शब्दांच्या उगमाचा शोध सतराव्या शतकात सुरू झाला तो अभिमानापोटी. १६१७ मध्ये वायमार इथे भाषाभिमान्यांची ‘फळदायी मंडळी’ स्थापन झाली. १६६३ मध्ये शोटेलियुसने जर्मन भाषेवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मनची मूळ एकाक्षरी बीजे आणि त्यांचे समास घडवण्याची ताकद यांचे त्याला अपार कौतुक होते. आपली भाषा सर्वांत जुनी, सर्वांत शुद्ध, हे दाखवण्याचा त्या पिढीचा उत्साह आज वाचवत नाही. पण समासाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला त्यांनीच शिकवले, हे मान्य करावे लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आडेलुंगने शब्दकोशाला शिस्त लावली.

मोठे वळण आले ते संस्कृतच्या परिचयाने. १८१६ मध्ये फ्रान्झ बोपने संस्कृतच्या क्रियारूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक रूपांशी पद्धतशीर तुलना केली. १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिमने व्यंजनांच्या बदलातली नियमितता दाखवली. मराठी वाचकाला हा नियम समजून घ्यायला ‘हान्ट’इतके चांगले उदाहरण नाही. ‘हस्त’ आणि ‘हान्ट’ : अर्थ एक, पहिले अक्षर एक, मग शब्दही एकच असणार, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. संस्कृत शब्दाच्या आरंभी जिथे ‘ह’ असतो, तिथे जर्मनमध्ये बहुधा ‘ग’ मिळतो : हंस आणि ‘गान्स’. आणि जर्मनच्या आरंभीच्या ‘ह’समोर संस्कृतात ‘श’ किंवा ‘क’ येतो : ‘हुंडर्ट’ आणि शत, ‘हुंट’ आणि श्वन्. म्हणजे ‘हस्त’चा सख्खा भाऊ जर्मनमध्ये असता, तर तो ‘ग’ने सुरू झाला असता. ‘हान्ट’चे नाते कोणी गॉथिकमधल्या ‘पकडणे’ या क्रियापदाशी लावतात, तेही सर्वमान्य नाही. सारखे दिसणारे शब्द परके निघतात आणि कानाला न जुळणारे सख्खे. ध्वनिनियम माहीत नसले की व्युत्पत्तीचा कारभार अंदाजपंचे होतो तो इथेच.

ग्रिम बंधूंचा ‘जर्मन शब्दकोश’ ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी कहाणी. हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, त्याचा निषेध केला म्हणून १८३७ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांना काढून टाकले. त्यांत हे दोघे होते. हाताला काम नव्हते तेव्हा लाइप्झिगच्या प्रकाशकांनी कोशाची कल्पना पुढे केली. पहिला भाग छापून यायला १८५२ उजाडले. विल्हेल्म १८५९ मध्ये गेला. १८६३ मध्ये याकोब गेला, तेव्हा काम ‘फ्रुख्ट’ म्हणजे फळ या नोंदीपर्यंत आले होते. ‘ह’ अक्षराचा, म्हणजे ‘हान्टशू’चा खंड मोरित्स हायनेने केला आणि तो १८७७ मध्ये पूर्ण झाला. संपूर्ण कोश हातावेगळा झाला १९६१ मध्ये. दोन महायुद्धे झाली, देशाची फाळणी झाली, तरी पूर्व बर्लिन आणि ग्योटिंगेन इथले संपादक शेवटपर्यंत एकच कोश करत राहिले.

१८७० च्या दशकात लाइप्झिगच्या तरुण अभ्यासकांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतो, असा आग्रह धरला. १८७८ मध्ये ओस्टहोफ आणि ब्रुगमान यांनी तो जाहीरनाम्यासारखा मांडला. या शिस्तीत तयार झालेल्या फ्रीड्रिख क्लुगेने १८८३ मध्ये जर्मनचा व्युत्पत्तिकोश काढला. उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावरही तो काम करत राहिला. त्याचा कोश आजही त्याच्याच नावाने चालतो. १९८९ मध्ये एल्मार झेबोल्ट यांनी त्याची नव्याने बांधलेली आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी पूर्व बर्लिनमधून वोल्फगांग फायफर यांचा व्युत्पत्तिकोश आला. बर्लिनची भिंत पडली त्या वर्षी तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक कोश बाहेर पडावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. त्यांची वृत्ती मात्र वेगळी. झेबोल्ट सावध आहेत, ‘मूळ अस्पष्ट’ असे लिहायला ते कचरत नाहीत. फायफर शब्दाच्या अर्थाचा प्रवास शतकाशतकाने सांगतात. वाचकाने दोन्ही कोश शेजारी ठेवावेत.

ध्वनीच्या मागे लागता लागता वस्तू विसरली जाते, ही तक्रार ऑस्ट्रियातून आली. ग्रात्समधल्या रुडोल्फ मेरिंगरने आणि सहकाऱ्यांनी १९०९ मध्ये ‘शब्द आणि वस्तू’ याच नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यांचा गाजलेला दाखला भिंतीचा. जर्मन ‘वान्ड’ म्हणजे भिंत हा शब्द ‘विंडन’शी जोडला जातो, आणि तो का, हे दगडी भिंतीकडे पाहून कळत नाही. काटक्या विणून वर माती लिंपलेला कूड पाहिला की लगेच कळते. कोकणात कुडाची घरे पाहिलेल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. प्रस्तुत पुस्तकाची ओढ या संप्रदायाकडे आहे आणि ती योग्य आहे. बुटाच्या नाडीला जर्मनमध्ये ‘श्न्यूरझेंकल’ म्हणतात. त्यातला ‘झेंकल’ बुडणे-बुडवणे या क्रियापदापासून आला आणि गवंड्याच्या ओळंब्यासाठीही तो वापरला जाई. नाडीचा आणि ओळंब्याचा संबंध काय, हे जुन्या नाडीच्या टोकाचे धातूचे वजनदार टोपण पाहिल्यावर उलगडते.

दुसऱ्या बाजूने बोलींचा अभ्यास उभा राहिला. १८७६ मध्ये गेओर्ग वेंकरने शाळामास्तरांना ठरावीक वाक्ये पाठवून ती आपल्या गावच्या बोलीत लिहून मागवली. पुढे मारबुर्ग इथे त्यांतून जर्मन बोलींचा नकाशासंग्रह तयार झाला. लिखित भाषेत ‘हान्टशू’ची फोड स्वच्छ दिसते, नैर्ऋत्येच्या आणि स्वित्झर्लंडच्या बोलींत त्याचा ‘हेन्त्शे’ झाला आहे आणि त्यात जोडा ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो समास राहिलेलाच नाही.

याच्या उलट, समास नसलेल्या शब्दात लोकांना समास ऐकू येतो तेव्हा काय होते, त्याचे नाव ‘लोकव्युत्पत्ती’. जर्मन विद्वान एर्न्स्ट फ्योर्स्टेमान याने १८५२ मध्ये ही संज्ञा अभ्यासात रुजवली. ‘आर्मब्रुस्ट’ म्हणजे आडवे धनुष्य. ऐकणाऱ्याला बाहू आणि छाती ऐकू येतात, पण मूळ आहे लॅटिन ‘आर्कुबालिस्ता’. ‘हेंगमाटं’ म्हणजे टांगलेली चटई, असे वाटते. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या ‘हामाका’पासून आला.

पेहरावातले याचे सर्वांत चर्चित उदाहरण ‘फाटरम्योर्डर’, शब्दशः पितृहंता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुरुष हनुवटीच्या दोन्ही बाजूंना टोके येतील अशी उंच, खळ दिलेली कॉलर लावत. तिचे हे नाव. एक कथा सांगते की शिकून घरी परतलेल्या मुलाने बापाला मिठी मारली आणि कॉलरची टोके बापाला लागली. दुसरी कथा फ्रेंचकडे जाते. टोके जेवताना वाडग्यात बुडत, न बोलावता ताटात वाटेकरी होत, म्हणून कॉलरला ‘पारासीत’, म्हणजे आयतखाऊ, म्हणत. जर्मन कानाने ते ‘पारिसीद’ ऐकले आणि पितृहंता असे भाषांतर केले. ही दुसरी कथा इतकी डौलदार आहे की कोणालाही मोह पडावा. पण ती टिकायची तर तीन गोष्टी पुराव्याने दाखवाव्या लागतात : फ्रेंचमध्ये कॉलरला तसे म्हणत होते, ऐकण्यात ती गल्लत झाली होती, आणि जर्मन शब्द या सगळ्यानंतर आला. पहिली कथा तर नाव आधी माहीत असल्याशिवाय रचताच येणार नाही. या शब्दावरचे प्रकरण पुस्तकातले सर्वांत चांगले आहे, कारण तिथे वाचकाला निकाल हाती दिलेला नाही, पुरावा तपासायला बसवले आहे.

हातमोज्याकडे परत यायचे ते त्याच्या मानमरातबासाठी. तेराव्या शतकात आइके फोन रेपगोने लिहिलेल्या ‘झाक्सनश्पीगल’ या कायदेग्रंथानुसार नवा बाजार वसवायचा तर राजाने आपला हातमोजा पाठवायचा, ती त्याच्या संमतीची निशाणी. या ग्रंथाच्या चार सचित्र हस्तलिखित प्रती टिकून आहेत, त्यांतली एक हायडेलबर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे, हान्टशूसहाइमपासून हाकेच्या अंतरावर. हातमोजा राजाच्या हाताच्या जागी उभा राहत होता. वैऱ्यापुढे तो टाकणे म्हणजे आव्हान. शिलरने १७९७ मध्ये लिहिलेल्या ‘हान्टशू’ या कथाकाव्यात एक मानिनी हिंस्र प्राण्यांच्या आखाड्यात आपला हातमोजा टाकते आणि सरदाराला तो आणायला सांगते. तो आणतो, आणि तिच्या तोंडावर फेकून निघून जातो. वर किंवा वधू हजर नसताना प्रतिनिधीमार्फत लागलेल्या लग्नाला जर्मनमध्ये ‘हान्टशू-एहे’ म्हणतात. ईस्ट इंडीज बेटांवर नोकरीला गेलेल्या डच पुरुषांची अशी लग्ने मायदेशी लागत, त्यांनाही डच भाषा ‘हातमोज्याचे लग्न’च म्हणते. मोटारीत चालकाशेजारच्या खणाला आजही ‘हान्टशूफाख’ म्हणतात, मग त्यात कागदपत्रे असोत की गोळ्यांचे पाकीट.

धंद्याच्या बाजूनेही हा शब्द श्रीमंत आहे. १६८६ मध्ये फ्रान्समधून धर्मछळामुळे पळालेले ह्यूगनॉट एर्लांगेन इथे वसले. त्यांनी तिथे मोजे विणण्याचा आणि पातळ चामड्याचे हातमोजे करण्याचा धंदा रुजवला. तुकतुकीत कमावलेल्या अशा हातमोज्याला ‘ग्लासे-हान्टशू’ म्हणतात, आणि एखाद्याला फार जपून, फुलासारखे वागवणे म्हणजे त्याला ‘ग्लासे-हान्टशू घालून हाताळणे’.

मराठीत असे पुस्तक आत्ता यावे, याला कारण आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन इथे जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि अलीकडे शिक्षणासाठी, परिचारिकेच्या किंवा अभियंत्याच्या नोकरीसाठी तिकडे जाणारी मुले छोट्या गावांतूनही जर्मन शिकताना दिसतात. त्यांच्या हाती व्याकरण असते, शब्दांच्या याद्या असतात. शब्दांचा इतिहास मराठीतून सांगणारे काही नसते. ती जागा मग मोबाइलवर फिरणाऱ्या गमतीदार फोडींनी आणि ‘सगळे संस्कृतातूनच आले’ या छापाच्या संदेशांनी भरून निघते. त्यातले बरेचसे शोटेलियुसच्या पिढीच्या अभिमानाचेच नवे रूप आहे.

खरे तर मराठी विद्यार्थ्याची तयारी चांगली असते. तत्पुरुष आणि बहुव्रीही ही नावे युरोपातल्या भाषाशास्त्रानेही संस्कृत व्याकरणातून घेतली आहेत. ‘हान्टशू’ हा तत्पुरुष आहे हे आपल्या मुलाला शाळेतच कळलेले असते. तत्पुरुषात शेवटचे पद प्रधान, म्हणून ‘हान्ट’ स्त्रीलिंगी असूनही ‘हान्टशू’ पुल्लिंगी, हेही त्याला दोनदा सांगावे लागत नाही. देवाणघेवाणीचा मार्गही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मार्टिन हाउग हे जर्मन पंडित पुण्यात संस्कृत शिकवत होते. आणि शब्दांनी तर माणसांच्याही पुढे प्रवास केला. फारसीतला ‘पायजामा’ हिंदुस्थानात रुळला आणि इंग्रजीमार्गे जर्मनमध्ये ‘प्युजामा’ झाला. आल्प्सच्या बोलीतला ‘रुकझाक’, पाठीवरची पोतडी, सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर नुसती ‘सॅक’ होऊन बसला आहे. त्यातला ‘झाक’ लॅटिन आणि ग्रीकमार्गे थेट सेमिटिक भाषांपर्यंत पोचतो.

पुस्तकाच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. हा कोश नव्हे, आणि पेहरावातले सगळे शब्द इथे नाहीत. ‘क्रावाटं’सारखा शब्द, जो क्रोएशियन सैनिकांच्या गळपट्ट्यावरून आला, तो समास नाही म्हणून ओझरता येतो. स्लाव भाषांमधल्या शब्दांवर आणखी लिहायला हवे होते. जर्मन उच्चार देवनागरीत लिहिताना काही स्वर जुळत नाहीत, तिथे जवळचे रूप वापरले आहे. पण प्रत्येक प्रकरणात निश्चित काय, संभाव्य काय आणि दंतकथा कोणती, हे वेगळे ठेवले आहे, आणि या विषयात तेच सर्वांत अवघड असते. ज्याला पुढे जायचे त्याला आता ग्योटिंगेनला जावे लागत नाही. ग्रिमांचा कोश ट्रिअर विद्यापीठाने महाजालावर खुला केला आहे आणि फायफर यांचा कोश बर्लिनच्या अकादमीच्या शब्दसंग्रहात विनामूल्य वाचता येतो.

मराठीत आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, वि. का. राजवाड्यांचे व्युत्पत्तीवरचे काम आहे, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे. त्यांच्या आधारावर ‘मोजा’, ‘रुमाल’, ‘अंगुस्तान’, ‘गॅलिस’, ‘बंडी’, ‘मुंडासे’ या शब्दांची, वर्षासकट आणि वस्तूसकट, अशीच कुळकथा लिहिता येईल. ‘रुमाल’ म्हणजे फारसीत चेहरा पुसायचे वस्त्र; तो मराठीत डोक्याला गुंडाळायचे आणि दप्तर बांधायचे कापड कधी झाला, हे फोडीतून कळणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले असत, आणि त्या मोडी कागदांत कापडाच्या खरेदीचे, पोशाखांचे, बक्षिसांचे हिशेब तारखांसह पडले आहेत. मोडी वाचू शकणाऱ्या तरुण अभ्यासकांनी शब्द शोधण्यासाठी म्हणून ते उघडावेत, अशी या पुस्तकामागची इच्छा आहे.